नाइटक्लबातला चहा

नवी मुंबईत तीन नाइटक्लब उभे करून स्वतः साडेनऊला झोपी जाणारा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो माझा वर्गमित्र आहे. सारसोळ्याच्या कोळ्याचा मुलगा. दारूला शिवत नाही, नाचायला लाजतो, क्लबात शिरताना कानांत कापूस घालतो. धंद्यातलं त्याचं सगळं शहाणपण मासळीबाजारातलं. डीजे नेमताना तो गाणी ऐकत नाही, मासळीचे बघावेत तसे डोळे बघतो. करंजाड्याचा एक नावाजलेला डीजे काळा चष्मा लावून आला, तर यानं स्वतःच्या हातानं तो उतरवला, क्षणभर निरखून पाहिलं आणि सरबत पाजून परत पाठवलं. "डोला ताजा पायजे, मास्तर," मला म्हणाला. मी शिक्षक, म्हणून मास्तर. "गानी काय, मशीनबी वाजवते!"

उलव्याच्या तिसऱ्या क्लबाचं उद्घाटन त्यानं नारळी पौर्णिमेला ठेवलं, तेही भरती गाठून, भर दुपारी साडेबाराला. "अरे, श्रावण चाललाय, त्यात राखी! कोण येणार?" मी चिडूनच विचारलं. "आमची होरी याच दिशी दर्यात जाते," तो शांतपणे म्हणाला. होरी म्हणजे होडी. अख्ख्या जगाचं वर्ष नारळी पौर्णिमेला सुरू होतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत.

पण खरा घोर वेगळाच होता. पहिल्या क्लबासाठी त्यानं वडिलांची होडी विकली होती, फक्त एक वल्हं ठेवून. तेव्हापासून त्याच्या आईनं एकाही क्लबाची पायरी चढली नव्हती. या खेपेला त्यानं तिला हात जोडून बोलावलं होतं आणि मला सांगितलं होतं, "आये नाय आली तं कुलूप. मंग क्लब नाय, गोडाऊन." तो असलं बोलून दाखवतो आणि करतोही, म्हणून मला धास्ती.

साडेबारा वाजले. पाहुणे अर्थातच नाहीत. वीस-पंचवीस नोकर इस्त्रीच्या कपड्यांत भिंतीला टेकून उभे. पाऊण झाला. कानांतला कापूस काढून तो रस्त्यावरच्या प्रत्येक रिक्षाचा आवाज ऐकत होता. "ओहोटी लागली," तो पुटपुटला आणि त्यानं खिशातून कुलूप काढलं. मी त्याचा हात धरला.

तेवढ्यात रिक्षा थांबली. म्हातारी उतरली, ओटीत नारळ. कोणाकडे न बघता सरळ आत गेली आणि भिंतीवर टांगलेल्या त्या वल्ह्यावरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. "दर्याचा नारल सांजचा," ती म्हणाली, "ह्यो तुजा." नारळ फोडला, उंच स्टुलावर पाय लोंबकळत बसली आणि म्हणाली, "आता च्या दे."

अख्ख्या क्लबात चहा नव्हता. इतक्या बाटल्या, आणि चहाची पूड नाही! तीन क्लबांचा मालक पलीकडच्या टपरीकडे अनवाणी धावत सुटला.

श्रावण सरल्यावर उलव्याच्या क्लबात गर्दी मावेना. म्हातारी रोज दुपारी यायची, चहा घ्यायची, जायची. गेल्या वर्षी ती वारली. साडेबाराला चहा अजून होतो. परवा त्यानं तो कप माझ्यापुढे सरकवला. "घे मास्तर. साखर जास्त हाय, तिला तशीच लागायची." खरंच फार गोड होता. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.