डाव्या बाजूची बटणं

आमच्या आईला बायकांचं माप घ्यायला टेप लागत नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तिची नजर खांद्यापासून कमरेपर्यंत एकदा फिरते आणि ती वहीत आकडे लिहून मोकळी होते. टेप नंतर लावते, ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बाहेरच्या खोलीत तिचं पायमशीन, कापायचं टेबल, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं, आणि दारावर 'फक्त लेडीज' अशी पाटी. शेजारचे काका शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन आले तरी ती तोंडाने काही बोलत नाही, पाटीकडे बोट दाखवते. लोक म्हणतात बाई शिष्ट आहे. खरं कारण घरातल्या आम्हा चौघांनाच ठाऊक आहे.

अठरा वर्षांपूर्वी, हाताला काम नव्हतं अशा दिवसांत, एक कंत्राटदार जाड तपकिरी कापडाचे तागे घेऊन आला. लढाईच्या एका जुन्या गावात संग्रहालय उघडणार होतं. तिथल्या सैनिकांच्या पुतळ्यांना बारा कोट हवे होते, तेही आठ दिवसांत. पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या झाडून सगळ्या शिंप्यांनी त्याला वाटेला लावलं होतं. आईने काम घेतलं. आयुष्यात तिने कोट शिवला नव्हता. कंत्राटदाराने दिलेल्या चित्रात सैनिकाच्या छातीवरून पट्टे गेलेले, त्यामुळे बटणं कुठल्या बाजूला ते दिसतच नव्हतं. आठ दिवस ती जेवायलासुद्धा मशीनवरून उठली नाही.

माल गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या शर्टाला इस्त्री करताना तिचा हात थांबला. पुरुषांच्या कपड्याला बटणं उजवीकडे असतात, बायकांच्या डावीकडे. तिने बाराच्या बारा कोटांना डावीकडे लावली होती. वर्षानुवर्षं वळण पडलेला हात, तो कशाला डोक्याला विचारायला थांबतोय. तिने कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, बिल पास झालंय, तुम्ही गप्प बसा, मीही बसतो. बाबा म्हणाले, मातीचे पुतळे आहेत, ते काय भांडायला दारात येणार आहेत? आणि हसले. त्या हसण्याबद्दल आईने त्यांना अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवसापासून पाटी लागली. त्या गावाचं नाव कुठे निघालं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, वय वाढेल तसं विसरेल. उलट झालं. या वर्षी बाबा मीटर रीडरच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि सगळ्यांनी कुठेतरी जाऊ या म्हणाले, तेव्हा आईने ताबडतोब त्याच गावाचं नाव घेतलं. ती मशीनवरून मान न वळवता म्हणाली, "मला ते कोट दुरुस्त करायचेत. संग्रहालयाच्या साहेबांना भेटते, सांगते. इथे आणले तर दिवसाला दोन होतील. जुनी काजं रफू करायची, नवी पाडायची. सहा दिवसांचं काम आहे."

मी कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसते, तेव्हा पार्सल पाठवायचं-आणायचं माझ्याकडे आलं. बाकीचा सगळा बेत बाबांनी हातात घेतला, आणि तिथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

बाबा कंजूष नाहीत, असं बाबा म्हणतात. ते फक्त 'वायफळ' खर्च करत नाहीत, आणि जगातले नव्वद टक्के खर्च वायफळ आहेत. थेट बस महाग, म्हणून आम्ही दोनदा बस बदलून नऊ तासांत पोचलो. आठवड्याचे मधले दिवस निवडले, कारण तेव्हा लॉजचे दर उतरतात. लॉज म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. दोन खाटा, चार माणसं, आणि खाली दिवसभर हवा भरायच्या यंत्राची धडधड. गरम पाण्याचे बादलीमागे वेगळे पैसे, तेव्हा बाबांनी जाहीर केलं की थंड पाण्याने तरतरी येते. धाकटी बहीण म्हणाली, लढाईच्या गावात आलोय, तर थोडे हाल व्हायलाच हवेत. तिचा विनोद कुणाला आवडला नाही.

पहिल्या दिवशी बाबांनी जे फुकट आहे ते दाखवायला काढलं. फुकट होतं ते रणांगण. रणांगण म्हणजे मोकळं मैदान. गवत, मधूनमधून दगडी खांब, प्रत्येक खांबावर एक आकडा, आणि कुठल्या आकड्यावर काय घडलं ते सांगायला माहीतगार हवा. माहीतगाराला पैसे पडतात. बाबांनी त्यावर तोड काढली. एक सहल पुढे चालली होती, तिच्यामागे दहा पावलं ठेवून आम्हाला उभं केलं आणि कान टवकारायला सांगितलं. माहीतगाराने दोनदा मागे वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. बाबांनी पाच पावलं कमी केली. मग त्या माणसाने आपली माणसं भराभर पुढे नेली, आणि आम्ही चौघं भर उन्हात, हातात उकडलेल्या बटाट्यांची पिशवी घेऊन, एका लढाईच्या मागे पळत सुटलो. माझी लाजेने मान खाली गेली. कोण जिंकलं, ते काही शेवटपर्यंत ऐकू आलं नाही.

आई मात्र मैदानाकडे बघतही नव्हती. ती दर थोड्या वेळाने एवढंच विचारायची, संग्रहालय किती वाजता बंद होतं. बाबा म्हणायचे, उद्या, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयाला कुलूप होतं. साप्ताहिक सुट्टी. आठवड्याच्या मधल्या दिवसांत लॉज का स्वस्त असतात, ते मला तेव्हा कळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई पायरीवर बसली आणि दाराच्या फटीतून आत दिसतंय का ते पाहू लागली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघ्यावर हात टेकून, कुलपाशेजारच्या फटीला डोळा लावून बसली होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीडची परतीची बस होती. दहाला आम्ही दारात. किल्लीवाला पावणेअकराला आला, तिकिटाची खिडकी अकराला उघडली. खिडकीवरचा दर वाचून बाबांनी आईला बाजूला घेतलं आणि म्हणाले, काम तुझं आहे, तू एकटी जाऊन ये, आम्ही झाडाखाली बसतो, चार तिकिटं कशाला. आई हो म्हणत होती. तिच्या त्या हो म्हणण्यानेच माझं डोकं फिरलं. अठरा वर्षं ही बाई मनात काटा घेऊन फिरतेय, आणि त्या काट्यापाशीही तिला एकटीलाच पाठवायचं? मी बाबांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चारही तिकिटं मी काढली. बाबा माझ्यामागून मुकाट्याने आत आले.

मधल्या दालनात काचेमागे बाराही जण उभे होते. कापड विटलं होतं, पण कोट तसेच होते, आणि बटणं डावीकडेच. कुणीही हात लावला नव्हता. आई काचेला नाक लावून एकेक कोट बघत सरकत होती. तिसऱ्याच्या कॉलरखाली कापड कमी पडलं म्हणून जोड दिला होता, तो तिने आम्हाला दाखवला. खुणेची जागा माहीत असूनही मला तो दिसायला वेळ लागला. पिशवीतून तिने त्याच रंगाचं दोऱ्याचं रीळ काढलं, काचेला लावून पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिलं.

तेवढ्यात एक सहल आत आली. पुढे संग्रहालयाचा माहीतगार, छातीवर बिल्ला लावलेला तरुण. सवयीने बाबा त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. माहीतगाराने काचेवर काठी टेकवली आणि विचारलं, या कोटांमध्ये काय वेगळं आहे, ओळखा पाहू. कुणालाच येईना. मग तो म्हणाला, बटणं डावीकडे आहेत. या सैनिकांचा कोट उलटा मिटायचा, त्यामुळे उजवा हात बंदुकीवरच राहून डावा हात सरळ आत जाऊन काडतूस काढत असे. शत्रूपेक्षा दोन क्षण आधी. ती लढाई या बटणांनी जिंकली.

लोक वा म्हणाले. एका बाईने मुलाला वहीत लिहून घ्यायला सांगितलं. भिंतीवर तशी पाटीही होती, चांगली पितळी. बाबा वळून आईकडे बघू लागले, आणि या खेपेला त्यांना हसू आलं नाही.

आई पुढे झाली. "अहो दादा, ते चुकलेलं आहे," ती म्हणाली. "मी शिवलेत ते. माझ्या हातून चुकलंय."

त्याने फार अदबीने सांगितलं की मावशी, यावर संशोधन झालेलं आहे. आईने कॉलरच्या जोडाची खूण सांगितली. तो म्हणाला काच उघडता येत नाही. सहलीतली माणसं आईकडे असं बघत होती की मला त्या सगळ्यांना दालनाबाहेर काढावंसं वाटलं. शेवटी आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, तेच जास्त त्रासाचं होतं. ते म्हणाले, खरे कोट कधीच जळून गेले, एकही उरला नाही, त्यामुळे अभ्यास करायला आले ते सगळे हेच कोट बघून गेले. आता पुस्तकात तेच आहे, शाळेच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काही कागद आहे का? कागद कंत्राटदाराच्या नावाचा, आणि कंत्राटदाराचा पत्ता कुणाकडे नाही. आईने रीळ टेबलावर ठेवलं. एक पैसा नको, म्हणाली, कोट द्या, मी नीट करून परत पाठवते, मुलीचं कुरियरचं ऑफिस आहे.

"बाई, तुम्ही बटणं फिरवलीत तर मी लोकांना काय सांगू?" साहेब म्हणाले.

"शिंपिणीची चूक झाली म्हणून सांगा. मी होते ना सांगायला."

साहेबांनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांपुढे काही बोलता येत नाही, म्हणूनच मोठी माणसं ते जोडतात.

आम्ही बाहेर आलो तर बाबा बरोबर नव्हते. दालनात दुसरी सहल आली होती आणि बाबा तिच्यापुढे उभे होते. तीस वर्षं लोकांच्या दारात "मीटर" म्हणून ओरडलेला आवाज लावून ते सांगत होते की हे कोट माझ्या बायकोने शिवलेत, आमच्या बाहेरच्या खोलीत, आठ दिवसांत. ती लेडीज टेलर आहे, म्हणून बटणं डावीकडे आहेत. लढाईबिढाईचा काही संबंध नाही. सहलीतले दोघं हसले. एकाने मोबाईल वर केला. पहारेकरी आला आणि म्हणाला की इथे माहिती सांगायला परवाना लागतो. बाबा म्हणाले, परवाना कसला, मी नवरा आहे. तरी त्याने दंड धरून त्यांना दारापर्यंत आणलं. आई वाटेत आडवी आली आणि तिने तो हात सोडवला.

बस वेळेवर सुटली. बाबा पुढच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून बसले होते. त्यांचे कान अजून लाल होते. धाकटीने विनोद केला नाही. मी आईला सांगत होते की मी पत्र लिहीन, वर अर्ज करीन, सोडणार नाही. ती ऐकत नव्हती. बराच रस्ता मागे पडल्यावर ती बोलली, आणि इतक्या रागाने बोलली की पुढचा प्रवासी वळून बघू लागला.

"अठरा वर्षांत एक शिवण उसवली नाही त्यांची, बघितलंस का? तो कॉलरचा जोड कुणाला सापडला नाही. इतक्या बायकांचे कपडे शिवले, ते सगळे फाटून पोतेऱ्याला गेले. आणि चुकलेले तेवढे बारा या लोकांनी काचेत घालून ठेवलेत."