धुरावरचे मटण आणि शेजारचे आप्पा

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा थापी हातात धरली. त्याआधी शिक्षकीच्या बत्तीस वर्षांत माझ्या हातात खडूशिवाय दुसरे काही फारसे आले नव्हते. लातूरच्या आमच्या घरामागे, शेजारच्या आप्पांच्या भिंतीलगत, मी छातीएवढ्या उंचीचा विटांचा एक चौकोन उभारला आणि त्याला मनातल्या मनात ‘धुरीघर’ असे नावही देऊन टाकले. त्यात मटण टांगून ते धुरावर वाळवायचे होते. माझे बालपण इस्लापूरकडे गेले. पावसाळ्यात आई मटणाच्या पट्ट्या चुलीवरच्या दोरीला टांगून ठेवी आणि पुढे आठ-दहा दिवस त्या भाजून आमच्या ताटात पडत. गॅसच्या शेगडीवर ती चव कधीच आली नाही. ती एकदा पुन्हा साधावी, एवढीच माझी इच्छा होती. ती पत्नीला बोलून दाखवायलाही मला दोन वर्षे लागली.

पहिल्या चाचणीत मी नको तो शहाणपणा केला. परसातल्या कडुनिंबाच्या छाटलेल्या फांद्या वाळून पडल्या होत्या. आपण धान्यात निंबाचा पाला घालतो, दातांना निंबाची काडी लावतो, गोवर आलेल्या लेकराच्या उशाशी निंबाची डहाळी ठेवतो. तेव्हा निंब मटणालाही टिकवील, असा तर्क मी लढवला आणि धुरीघराच्या बुडाशीच जाळ घातला. तासाभरात मटण काजळीने माखले. पत्नीने एक तुकडा तोंडात घातला, तसाच बेसिनमध्ये टाकला आणि तीनदा चूळ भरली.

“अहो, हे मटण आहे की काढा?”

त्याहून वाईट म्हणजे, पांढरा दाट धूर भिंतीवरून थेट आप्पांच्या स्वयंपाकघरात शिरला होता.

आप्पा ऐंशीच्या घरातले. गळ्यात इष्टलिंग, घरात अंडेसुद्धा वर्ज्य. निलंग्याकडे त्यांचे उसाचे गुऱ्हाळ होते. मुलाने इथे दुकान टाकल्यावर ते लातूरला आले. त्या संध्याकाळी ते भिंतीशी येऊन उभे राहिले.

“सर, तुमी काय खाता ते तुमचं तुमी बघा. पण आमच्या भाकरीला मटणाचा वास लागला, हे काय बरं न्हाई. आणखी एकदा धूर आला तर हे पाडायचं. बोला.”

“पाडतो,” मी म्हणालो. मला वाद घालता येत नाही.

“आताच कशाला पाडता? आणखी एकदा आला तर, म्हणलं मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकातून आत आले. उपरण्याने नाक झाकून त्यांनी धुरीघराला एक फेरी घातली, खाली वाकून जाळाची जागा पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिले.

“शाळंत काय शिकवत होते तुमी?”

“पदार्थविज्ञान.”

“उष्णता, धूर, हवा, ते समदं?”

“हो.”

“मंग पोरं पास कशी झाली ओ?”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पत्नीचे हसू मला स्पष्ट ऐकू आले. आप्पांना मटणाचा तिटकारा होताच. पण वाईट रचलेली भट्टी त्यांना त्याहून असह्य होत असावी. काठीने त्यांनी मातीत रेघ ओढली. जाळ चार हात दूर आणि खोलगट जागी. तिथून धुरीघरापर्यंत चर, चरावर फरशा. आणि वर भिंतीहून उंच धुराडे.

“गुऱ्हाळाचं धुराडं बुटकं असलं की धूर गुळव्याच्या डोळ्यात जातो. त्याला वर वाट द्या, मंग तो शेजाऱ्याकडं कशाला येईल? अन् लाकूड बाभळीचं घ्या, चांगलं वाळलेलं. कडूलिंब जाळून राहिले! मी तसा गूळ केला असता तर अडत्यानं दारात उभं केलं नसतं मला.”

त्यांनी सांगितलेले सारे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो होतो. बाण काढून, रंगीत खडूने.

पुढच्या आठ दिवसांत मी एकट्याने चर खणला, वर फरशा टाकल्या आणि धुराडे चढवले. तळहाताला फोड आले. त्या फोडांकडे मी अधूनमधून कौतुकाने पाहत असे. शनिवारी पट्ट्यांना मीठ, हळद आणि लसूण चोळून त्या फ्रीजमध्ये ठेवल्या. रविवारी त्या कोरड्या पुसून आकड्यांना टांगल्या आणि अकरा वाजता जाळ पेटवला. पहिला धूर पुन्हा पांढराच निघाला. मी दोन लाकडे मागे ओढली, जाळाच्या तोंडावरची एक वीट सरकवली आणि वाट पाहिली. हळूहळू धूर विरळ झाला, निळसर झाला आणि धुराड्यातून सरळ वर निघाला. तरी माझा जीव भिंतीपाशीच अडकला होता. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज आला, कुकरची शिट्टी झाली, दुपारची सामसूम झाली. आता हाक येणार, आता येणार, असे दर पाच मिनिटांनी मला वाटत होते.

चार वाजता आप्पांचे डोके भिंतीवर उगवले.

“सर, आज पेटवणार होते न्हवं तुमी? भ्याले का काय?”

माझा आवाज वर्गातही शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे. त्या दिवशी तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा.

“आप्पा, सकाळी अकरापासून भट्टी पेटलेलीच आहे!”

त्यांनी मान वर करून धुराड्याकडे पाहिले. मग आपल्या घराकडे तोंड करून त्यांनी स्वतःच्या बायकोला विचारले, “अगं, वास आला का तुला?”

“कशाचा वास?” आतून उलट प्रश्न आला.

“साधली की ओ भट्टी,” आप्पा म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, “पण माझा हात लागला म्हणून कुणाला सांगू नका.”

संध्याकाळी पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांचा रंग गडद, तांबूस झाला होता. वाकवल्या तर वाकत, पण तुटत नव्हत्या. आम्ही त्या निखाऱ्यावर चांगल्या भाजून घेतल्या. पत्नीने एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीसाठी तिने माझ्याच ताटात हात घातला.

“लसूण थोडा कमी चोळा,” ती म्हणाली, “आणि पुढच्या रविवारी दोन किलो आणा.”

मी “आणतो” म्हणालो आणि पाचवी पट्टी उचलली.