दसऱ्याला गप्प झालेला आवाज

जेलरोडच्या मल्हारीने भंगारातून एक परदेशी कॉम्प्युटर आणला होता. त्याची चिप निराळी असल्यामुळे बाजारातलं काही त्यावर चालत नसे. जगभरातले मोजके हौशी लोक त्या चिपसाठी फुकटची सॉफ्टवेअरं स्वतः कंपाइल करत, म्हणजे मूळ कोडवरून त्या चिपला चालतील अशी बनवून घेत, आणि एकमेकांना देत. मल्हारी त्यांतलाच. हा सगळा खटाटोप बहिणीसाठी होता. भाग्यश्रीला दिसत नव्हतं, आणि तो कॉम्प्युटर तिला पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायचा. दिवाळीनंतर तिची बँकेची परीक्षा होती.

पण वर्षभरात एकेक सॉफ्टवेअर कंपाइल होताना अडकू लागलं होतं. मदत करणारेही गळत चालले होते.

दसऱ्याला आईने कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मुहूर्तावर नवं काही करावं म्हणून मल्हारीने त्या वाचणाऱ्या आवाजाची नवी आवृत्ती कंपाइल करायला घेतली. डिस्कवर जागा पुरेना, म्हणून जुनी आधीच पुसली.

"दादा, नैवेद्य दाखव त्याला. उपाशी नाही बोलायचा तो," भाग्यश्री हसली.

दुपारी काम अर्ध्यात थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच थांबलं. त्या हौशी लोकांपैकी जर्मनीतला एकजण जुन्या आवृत्त्यांच्या प्रती जपून ठेवायचा, त्याला त्याने मेल केली. ती तशीच परत आली. पत्ताच बंद झाला होता.

"झालं का रे?"

"होतंय."

भाग्यश्रीने हात पुढे करून झेंडूची माळ चाचपली.

"खोटं नको बोलूस, दादा. मघापासून कीबोर्ड वाजलेला नाही."