अबोल्याचा आलेख

आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. चाळीस वर्षं तेच. माणसाशी बोलायचं म्हटलं की यांच्या जिवावर येतं, ट्रान्झिस्टरशी मात्र गुळपीठ.

ताई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा समारंभाचे स्पीकर त्यांनीच लावले. ती अर्धा तास बोलली, लोकांचे डोळे पाणावले. घरी आल्यावर तिनं विचारलं, भाषण कसं झालं? हे म्हणाले, "खरखर अजिबात नव्हती." एक शब्द ऐकला असेल तर शपथ! ताईनं अबोला धरला, आणि येत्या रविवारी कायमची लेकाकडे जाते, असं मला सांगून टाकलं.

दुसरा कुणी माफी मागून मोकळा झाला असता. यांनी भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला. मला समजावलं ते असं: ट्रान्झिस्टरच्या गेटला पुरेसं व्होल्टेज नसेल तर तो ठार बंद. ते मिळालं की पलीकडून जेवढं ओढाल तेवढा प्रवाह. ओढतच राहिलात तर एका हद्दीनंतर प्रवाह वाढायचा थांबतो. पण तिथेच गेटवर नुसतं कुजबुजलं तरी पलीकडे दणदणीत निघतं. ताई सध्या बंद आहे, तिला तिथवर न्यायचं. मी कपाळावर हात मारला.

सोमवारी आयता चहा दिला. शून्य शब्द. मंगळवारी चहा आणि घासलेली भांडी. शून्य. बुधवारी यांनी पडदेही धुतले, तेव्हा ताई म्हणाली, रंग गेला. यांनी दोनावर ठिपका दिला. गुरुवारी चार प्रश्न विचारले, एकेका शब्दाची चार उत्तरं आली. शुक्रवारी दहा विचारले, तरी चारच. ती हद्द आली म्हणून भावजी हरखले. आता फक्त हळूच काहीतरी बोलायचं होतं. पण काय, तेच सुचेना. शनिवार सगळा डोकं खाजवण्यात गेला.

रविवारी बॅग घेऊन ताई आलेखासमोर उभी राहिली.

"हे सगळे ठिपके माझे. तुमचा एक तरी आहे का?"

या माणसानं खरंच चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत तपासला. मला असा संताप आला! मग चष्मा काढला आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "नाही. जाऊ नकोस. मला भीती वाटते."

ताईच्या हातून बॅग सुटली. तिनं असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरचे शेजारी धावत आले, काय झालं, काय झालं. बोलताहेत, एवढंच मी सांगितलं आणि दार लावून घेतलं.