तिने न पुसलेला ठिपका

ये मीनल, कागदावर का होईना, जरा जवळ बस. दहाव्याला आलीस, चहा अर्धा टाकून एसटीला पळालीस, आणि मग फोनसुद्धा नाही. अगं, बहीण गेली तुझी. फुई, तुझी आत्या, आहे ना अजून?

माधुरी गेल्याची बातमी आली तेव्हा मी गावी, रनाळ्याला, अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होते. साधा ताप म्हणत होते... तेच हात डोळ्यांना लावले, आणि मग कितीतरी वेळ काही दिसलंच नाही.

वाचणाऱ्यांना सांगते, माधुरी माझ्या भावाची थोरली. पुण्यात एमआरआयवर संशोधन करायची. मेंदूचा नुसता फोटो नाही, तर त्यात कुठे कोणतं रसायन किती, त्याचा नकाशा. त्या नकाशात उमटणारे खोटे डाग कमी करायचे, हे तिचं काम. म्हणायची, "फुई, कातडीखालनी चरबी इतली जोरमा बोलस का मेंदूनं बोलनं आयकूच येस नही."

माझी चक्कर थांबेना, तेव्हा तिनेच मला तिथे नेलं. त्या नळकांड्यात शिरले आणि छाती धडधडायला लागली. मला धीर यावा म्हणून ती बाहेरून, माझ्या कानांवर चढवलेल्या हेडफोनमधून, कोल्ह्याची गोष्ट सांगू लागली. नकाशा आला तर उजव्या बाजूला हा लाल पट्टा! तिचा चेहरा उतरला. पुन्हा पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"फुई, तू डोकं हलाडी ऱ्हायनी व्हती का?"

"मी कसाले हलाडू? तू गोष्ट सांगी ऱ्हायनी, मी हुंकारा नको दिऊ का?"

आपल्याकडे हुंकारा नसला तर सांगणारा गोष्ट तिथेच सोडून उठतो. माझी मान प्रत्येक 'हं'ला डोलत होती, आणि चरबीचा तो गोंगाट मेंदूवर सांडत होता. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसऱ्या खेपेला गोष्ट नव्हती. दात आवळून, मशीनच्या ठोक्यांत एकटी पडून राहिले.

पट्टा गेला. एक बारीक ठिपका मात्र राहिला.

"पुसी टाक ना, तुन्हं कामच शे ते," मी म्हटलं.

तिने ठिपका मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाली, "पुसता येई, फुई. पन खरा व्हई तर?" रोज तिला हीच धास्ती असायची, खोटं काढता काढता कुणाचा खरा आजार आपल्या हातून पुसला जाईल. ठिपका तिने राहू दिला. थोडे महिने जाऊ दे, मीच परत तपासते, म्हणाली...

ते महिने सरले. तिच्यासोबत काम करणारी पोरं तपासणीला प्रेमाने बोलावतात. मशीन तेच, रीत तिचीच. पण मला नकाशा कुठे वाचता येतो? मी तिचं तोंड वाचायची. आता बाहेर कोण असेल, या भीतीने एकदा जाणं टाळलं. चक्कर पुन्हा सुरू झाली आहे, मीनल.

तुला त्यातलं काही कळत नाही, ठाऊक आहे. नुसती बाहेर बस. डॉक्टर जे सांगतील ते मला जसंच्या तसं सांग, मला धक्का बसेल म्हणून काही गाळू नकोस. या आठवड्यातच ये, पोरी.