दोन हात चार बोटं

मोजमापात मला शिकवील असा माणूस ग्वाल्हेरात अजून जन्मायचाय, असं मी गेल्या वर्षापर्यंत बेधडक म्हणत असे. सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही थाटीपुरातून, दौलतगंजातून लोक जुने कागद घेऊन माझ्याकडे येतात, कारण पणजोबांच्या कागदातला गज त्यांना मीटरमध्ये हवा असतो. मी आधी विचारतो, गज कोणता? इंग्रजांचा छत्तीस इंची, की त्याच्याआधीचा, मोगलांपासून चालत आलेला, तेहतीस इंचांच्या आसपासचा? समोरचा गडबडतो. ते गडबडणं मला आवडतं, खोटं कशाला बोलू. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इथे आले तेव्हा हात, वीत आणि बोटं मोजत आले. इथे त्यांना गज भेटला, मागून फूट आला आणि मग मीटर. या चौघांना एकमेकांशी बोलतं करणं हे माझं काम.

गेल्या भाद्रपदाच्या आधी आमच्या गौरींच्या लाकडी स्टँडना वाळवी लागल्याचं कळलं. दोन्ही स्टँडचे बुंधे पार भुसा झालेले. मुखवटे पितळेचे, ते शाबूत होते. पण ते ज्यावर बसवायचे त्याची उंची किती होती, हे उरलेल्या लाकडावरून कळेना.

गौरी नेसवण्याचं काम वहिनींचं. माझ्या थोरल्या भावाची ही बायको, आणि घरातला शेवटचा शब्द तिचाच. पाटावर बसून ती दोन्ही गौरींना साड्या नेसवते, निऱ्या काढते, दागिने घालते, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली. आता खिडकी कुठे आहे एवढंच तिला समजतं. तरीही गौरी तीच नेसवत होती, चाचपून, आणि पदर पूर्वीइतकाच चोख यायचा. सूनबाईंनी बाजारात तयार, साडीसकट फायबरच्या गौरी पाहून ठेवल्या होत्या. वाईट हेतूनं नाही, सासूची ओढाताण बघवत नाही म्हणून. वहिनी त्यावर एवढंच म्हणाली की नव्या स्टँडवर तिला जमलं तर ठीक, नाही जमलं तर सूनबाईंच्या मनासारखं होऊ दे, ती पुन्हा गौरींच्या खोलीत येणार नाही. वहिनी असं बोलली की ते तसंच होतं.

तेव्हा काम माझ्याकडे आलं. देवघरातल्या पोथीत वडिलांच्या अक्षरातला कागद सापडला: गौरींचा खांब, उंची दोन हात चार बोटं. मला आनंदच झाला. हात अठरा इंच, बोट पाऊण इंच. एकूण एकोणचाळीस. शिंदे की छावनीतल्या सुताराला मी रीतसर नकाशा काढून दिला, मिलिमीटरसकट. त्यानं सागवानाचे दोन सुरेख स्टँड करून आणले.

गौरी यायच्या चार दिवस आधी वहिनी पाटावर बसली आणि तिनं जुनी साडी नेसवून पाहिली. कंबरेपर्यंत ठीक गेलं. खांद्याशी हात पुरेना. ती अर्धी उठली, तोल गेला, सूनबाईंनी धरलं. वहिनीनं साडी काढून घडी केली आणि म्हणाली, ही आपली नव्हे.

मी रात्रभर नव्हे पण दुपारभर डोकं लावलं आणि मला उत्तर सापडलं. वडील जन्मले इथे, वाढले इथे. त्यांचा हात दक्षिणेतला कसा असेल? तो इथल्या जुन्या गजाचा अर्धा, म्हणजे साडेसोळा इंच. बोटंही त्याच हिशेबानं लहान. एकूण जवळपास पावणेछत्तीस. इतकं चोख निघालेलं पाहून मी स्वतःलाच शाबासकी दिली. सुतार कुरकुरला, "साहब, लकड़ी घट जाती है, बढ़ती नहीं." मी त्याला गजाचा इतिहास ऐकवला. त्यानं मुकाट्यानं बुंधा सोडवला आणि सव्वातीन इंच कापले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खांद्यापर्यंत हात गेला, पण पिन लावायला बोटं वळेनात. सूनबाई हळूच म्हणाल्या, "काका, आईंना परेशानी होते आहे, आता रहने दो ना." वहिनीनं पिन खाली ठेवली. ती उठायला लागली आणि मला भीती वाटली. चाळीस वर्षं तिनं जे केलं ते माझ्या आकडेमोडीनं संपणार होतं.

मी तिला कागद वाचून दाखवला, दोन्ही हिशेब सांगितले, गजासकट. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊजी, पण हात कोणाचा?"

मी म्हटलं, कोणाचा म्हणजे? हात म्हणजे हात.

मग तिनं सांगितलं. सासूबाईंनी गौरी तिच्याकडे सोपवल्या त्या वर्षी तिला पाटावर बसवून तिचाच हात दोरीनं मोजला होता आणि नवे खांब करवून घेतले होते. नेसवणारीच्या हातानं दोन हात, तिच्याच बोटांनी चार बोटं. सासूबाईंचे खांब वेगळे होते, त्यांच्या सासूबाईंचे त्याहून वेगळे. वडिलांनी कागदावर लिहिलं, पण कोणाचा हात ते लिहिलं नाही, कारण घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी तेव्हा मुरैन्याला नोकरीवर होतो. मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नाही.

"आधी का नाही सांगितलंत?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"तुम्ही मोजमापातले. मला वाटलं, एवढं तर माहीतच असेल." मग हसून म्हणाली, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा."

मी टेप आणली. तिचा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत साडेपंधरा इंच भरला. चार बोटं मिळून अडीच. सुतार तिसऱ्यांदा आला, आणि सुदैवानं आमच्या दोन्ही चुका लांबीच्या बाजूच्या होत्या म्हणून लाकूड पुरलं. चुका माझ्या, पण आमच्या म्हणायची मला सवय आहे.

आवाहनाच्या दिवशी वहिनीनं दोन्ही गौरी नेसवल्या. हात खांद्यावर गेला, पिन लागली, पदर खाली आला. मी दारात उभा राहून पाहत होतो आणि माझे डोळे भरले होते. ती काम संपवून पाटावरच बसून राहिली.

"भाऊजी, टेप आहे ना जवळ? सूनबाईंचाही हात मोजून ठेवा."

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. टेप खिशातच होती. मी म्हणालो, नाही आणली.