जोडावरची वीज

आमच्या आपा दर पंधरवड्याला परतवाड्याहून जीपमध्ये एक जाड कॅन पायांत धरून अमरावतीला यायच्या. कोणी विचारायचं, "दूध हाय काय, बाई?" आपा म्हणायच्या, "नाई, थंडी हाय." गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठीचं वीर्य साठवायला द्रव नायट्रोजन असतो, तो त्या मागून आणत. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नमुने गोठवायला दुसरं काही नव्हतं.

आपा मूळच्या अकोल्याच्या. आम्हाला पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि एकाच कोड्यामागे होत्या. दोन ऑक्साइड, दोन्हींतून वीज वाहत नाही. पण एकावर दुसऱ्याचा पापुद्रा चढवला की नेमकी जोडावर वाहते. "काहून?" असं त्या स्वतःलाच विचारत.

त्या वर्षांत वर्गातलं एखादं पोर येईनासं व्हायचं आणि त्याच्या शेतकरी बापाच्या आत्महत्येची बातमी पेपरात दिसायची. आपा लगेच त्या गावची एसटी धरत. माझे बाबा तसेच गेले तेव्हा दर्यापूरला आल्या, आईशेजारी दिवसभर बसल्या. निघताना मला एवढंच म्हणाल्या, "सोमवारी प्रयोगशाळेत ये."

पुढे मी त्यांच्याच हाताखाली पीएचडीला लागले. पाचव्या वर्षी एक नमुना मी ऑक्सिजनमध्ये तापवला आणि त्यातली वीज गेली. म्हणजे आमची वीज जोडावरची नव्हतीच. नमुना बनवताना खालच्या स्फटिकातला ऑक्सिजन उडाला होता, त्या रिकाम्या जागांमुळे ती वाहत होती; तापवल्यावर त्या भरल्या.

"एखादा नमुना खराब असंल, आपा. सोडून देऊ."

"आणखी चार तापव."

चारही मुके झाले. त्याच आठवड्यात आपांनी या विजेवरचा आमचा छापलेला लेख मागे घ्यायचं पत्र लिहिलं. मी रडले. "मग माह्या पीएचडीचं काय?"

"नव्यानं कर. खोट्यावर उभी रायली, तर जन्मभर भेव लागंन तुले."

त्यांचा प्रकल्प बंद झाला. स्टाफरूममध्ये लोक हसले. वर्षभरात पोटाचा कर्करोग निघाला आणि त्या अकोल्याला धाकट्या भावाकडे गेल्या. मी त्या रिकाम्या जागांवरच प्रबंध लिहिला. बांधून घेऊन अकोल्याला पोचले, तेव्हा दफन होऊन चार दिवस झाले होते.

भावाने प्रबंध हातात घेतला. "यात आपाचं नाव कुठं हाय?"

मी पहिलं प्रकरण उघडून दाखवलं.

"हे काय लिवलं हाय?"

"आमची चूक. कशी झाली, ते."

"अन् तिचं नाव तिथंच टाकलं तुमी?"

"त्यांनीच सांगितलं होतं, अकोल्याला निघताना."

त्याने त्या ओळीवर बोट ठेवून ते नाव वाचलं. मग "असं आपाच सांगंन," म्हणत प्रबंध मिटून त्याने माझ्याकडे परत दिला.